लिनक्सचं पॅकेज अडतं कुठे?

तपकीर गल्लीतून जुना लॅपटॉप आणून त्यावर उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली टाकणारी इंजिनिअरिंगची मुलं पुण्यात कमी नाहीत. सगळं छान चाललेलं असतं. मग प्रॅक्टिकलसाठी कुठलंसं जुनं सॉफ्टवेअर उतरवलं जातं आणि पडद्यावर तक्रार उमटते: लिबएसएसएल १.१ हवी, ती मिळत नाही.

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतात. इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करण्याचं काम असंख्य प्रोग्रॅमना लागतं. प्रत्येकाने ते आपापलं लिहिण्याऐवजी बरेच जण ओपनएसएसएल ही सामायिक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात. लिबएसएसएल ही तिचाच भाग. तिच्यातली सुरक्षेची चूक एकदा दुरुस्त केली की सगळ्यांचं भागतं. पण २०२१मध्ये ओपनएसएसएल ३.० आली आणि उबुंटू २२.०४ने १.१ ठेवलीच नाही. जुनीवर बांधलेला प्रोग्रॅम नवीशी जुळत नाही. कुठूनतरी १.१ आणून बसवली तर प्रोग्रॅम चालतो खरा. पण मूळ प्रकल्पाने तिची मोफत देखभाल सप्टेंबर २०२३मध्ये थांबवली. त्यापेक्षा सॉफ्टवेअरचीच नवी आवृत्ती शोधलेली बरी.

उबुंटूवर पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेलं सॉफ्टवेअर, हाताळणारे दोन प्रोग्रॅम आहेत: डीपीकेजी आणि ॲप्ट. डीपीकेजी हातात दिलेली फाइल बसवतं, तिला लागणारं बाकीचं आणून देत नाही. ते काम ॲप्टचं. ॲप्टचे संदेश पुणेरी पाटीसारखे तुसडे असतात, तिच्याइतके नेमके मात्र नसतात. ‘तुम्ही तुटलेली पॅकेजेस रोखून धरली आहेत’ असं ते म्हणतं, तेव्हा अनेकदा कुणीच काही रोखलेलं नसतं. उबुंटूच्या दुसऱ्याच आवृत्तीसाठीचा बाहेरचा स्रोत यादीत घुसलेला असतो. ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहिलं, की कुठली आवृत्ती कुठून येतेय ते दिसतं. मी तरी तिथूनच सुरुवात करतो.

एकाला जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी, तिसऱ्याचं दोघांशीही वाकडं. अशी हजारो पॅकेजेस एकत्र नांदतील का, हा प्रश्न गणितात एनपी-कम्प्लीट गटात मोडतो. सगळ्या उदाहरणांत झटपट उत्तर देईल अशी पद्धत कुणालाही सापडलेली नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवरचं ॲप्टसारखं डीएनएफ त्यासाठी तर्कशास्त्रातले सॅट सॉल्व्हर, म्हणजे सगळ्या अटी एकत्र पाळता येतात का ते शोधणारे प्रोग्रॅम, वापरतं.

आणि कधीकधी सापडलेलं उत्तरच घातक असतं. २०२१मध्ये पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं ॲप बसवताना एका नामांकित यूट्यूबरचा अख्खा डेस्कटॉप उडाला. काय काय काढलं जाणार, ती यादी ॲप्टने आधी दाखवली होती. ‘होय, सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं वाक्य त्याने स्वतः टाइप केलं. असं वाक्य टाइप करून पुढे जायची सोयच ॲप्टने नंतर काढली. अत्यावश्यक पॅकेज काढायचं तर आता वेगळा पर्याय आधीच लिहून द्यावा लागतो.