मूळ संख्यांची विभाजने आणि त्यांची संगणकीय मोजणी

एखादी धन पूर्णांक संख्या केवळ मूळ संख्यांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते, हे मोजण्याचा प्रश्न. अशा प्रत्येक प्रकाराला विभाजन म्हणतात. एकच मूळ संख्या कितीही वेळा घेता येते. पदांचा क्रम मात्र बघायचा नाही. 3 + 7 आणि 7 + 3 हा एकच प्रकार. 10 चे पाच प्रकार होतात: 7 + 3, 5 + 5, 5 + 3 + 2, 3 + 3 + 2 + 2 आणि पाच वेळा 2. 1 चा एकही नाही. 2 पासून पुढे प्रत्येक संख्येचा निदान एक असतोच, कारण सम संख्या नुसत्या दोनांनी भरते आणि विषम संख्येत एक 3 घातला की उरलेले दोनांनी भरते.

हा प्रश्न म्हणजे मुळात सुट्ट्या पैशांचा हिशेब. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षासाठी दहाची नोट मोडून घेणाऱ्याला तो लगेच कळतो. नाणी 2, 3, 5 आणि 7 रुपयांची आहेत, एवढे फक्त धरून चालायचे. प्रोग्रॅममध्ये 0 ते 10 अशा अकरा घरांचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीने आकडे ठेवायच्या घरांची रांग, घेतात. शून्याच्या घरात 1 आणि बाकी घरांत 0 ठेवतात. हा 1 म्हणजे ‘काहीच न घेणे’ हा एक प्रकार; तो विसरला तर शेवटपर्यंत सगळी घरे रिकामीच राहतात. मग एकेक मूळ संख्या घेऊन त्या संख्येच्या घरापासून वर चढत जायचे आणि प्रत्येक घरात तितकी घरे मागचा आकडा मिळवायचा. दहाच्या घरात 2 नंतर 1 दिसतो, 3 नंतर 2, 5 नंतर 4 आणि 7 नंतर 5. हे कोष्टक एकदा वहीत हाताने भरावेच. नुसता कोड वाचून ते अंगवळणी पडत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आवर्तनांच्या, क्रमात. मूळ संख्यांचा लूप बाहेर आणि घरांचा आत हवा. मूळ संख्यांचा आत गेला तर प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, पण 3 + 7 आणि 7 + 3 वेगळे धरतो आणि 10 साठी 5 ऐवजी 16 देतो. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतील मुलाखतींची तयारी करणाऱ्यांनी 4 वर तपासून समाधान मानू नये, तिथे दोन्ही उत्तरे 1 च येतात. फरक पहिल्यांदा 5 ला उघडा पडतो: 2 आणि 3. घरे वरून खाली उतरत भरली, तर प्रत्येक मूळ संख्या एकदाच वापरली जाते आणि 10 चे दोनच प्रकार उरतात.

या पद्धतीमागची जनक फलने, म्हणजे प्रकारांची मोजणी सहगुणकांत साठवणाऱ्या घातमालिका, 18 व्या शतकात गणितज्ञ ऑयलरने विभाजनांसाठी वापरली. त्यालाच गोल्डबाखने 1742 मध्ये लिहिलेल्या पत्रातून निघालेला, 2 पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोनच मूळ संख्यांच्या बेरजेत मांडण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पदांवर बंधन नसले की आकडे झपाट्याने वाढतात. 5000 हून अधिक प्रकार असणारी सर्वांत लहान संख्या 71 आहे, आणि 1000 च्या आतच उत्तर 32 बिटांच्या, म्हणजे काही अब्जांपर्यंतच्याच, पूर्णांकात मावेनासे होते.

अंकांच्या अशा खेळाचे ठाणे परिसराशी जुने नाते आहे. डहाणूत 1905 मध्ये जन्मलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर शाळेसाठी ठाण्यात होते, आणि त्यांच्या ‘डेम्लो संख्यां’ना (121, 12321 यांसारख्या) नाव मिळाले ते डोंबिवली (तेव्हाचे डेम्लो) स्थानकावरून.