इंदूर लोकसभा मतदारसंघ

इंदूर लोकसभा मतदारसंघ हा मध्य प्रदेशातील २९ लोकसभा मतदारसंघांपैकी २६ क्रमांकाचा मतदारसंघ. इंदूर शहराचे पाच विधानसभा मतदारसंघ (इंदूर-१ ते इंदूर-५) आणि शहराला लागून असलेले राऊ, सांवेर व देपालपूर असे आठ विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. सांवेर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जिल्ह्यातला नववा विधानसभा मतदारसंघ महू. तो धार लोकसभेला जोडलेला आहे. त्यामुळे महूकर कलेक्टर कचेरीच्या कामाला इंदूरला येतो आणि खासदार मात्र धारचा निवडतो. २०२४ साली इंदूरमध्ये सुमारे २५ लाख मतदार होते. शहर बायपास ओलांडून पसरले, राऊ-सांवेरच्या बाजूला शेतांच्या जागी कॉलन्या उठल्या आणि ‘गावाकडची मते’ व ‘शहराची मते’ हा जुना हिशेब आता पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही.

पहिल्या दोन निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. १९५२ मध्ये नंदलाल जोशी आणि १९५७ मध्ये कन्हैयालाल खादीवाला निवडून आले. पण त्या काळचे इंदूर गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे शहर होते. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशा गिरण्या आणि त्यांच्या आसपासची परदेशीपुरा, नंदानगर ही कामगार वस्ती. नंदानगरचे नाव गुलझारीलाल नंदांवरून पडले. काँग्रेसची कामगार संघटना इंटक आणि कम्युनिस्टांची लाल झेंड्याची संघटना यांच्यातली ओढाताण याच गल्ल्यांत चालायची. १९६२ मध्ये कामगार नेते होमी दाजी कम्युनिस्ट पक्षाच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी इंटकचे पुढारी रामसिंहभाई यांना हरवले. मुंबईत जन्मलेला एक पारशी माळव्याच्या गिरणी कामगारांचा खासदार झाला. जातीपातीचे गणित मांडणाऱ्याला हा निकाल आजही उलगडणार नाही. तो वर्गाच्या हिशेबानेच वाचावा लागतो.

१९६७ मध्ये प्रकाशचंद्र सेठी यांनी दाजींचा पराभव करून जागा काँग्रेसकडे परत आणली. पुढे मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री झालेले सेठी १९८० आणि १९८४ मध्येही इंदूरचे खासदार होते. मधे १९७७ च्या जनता लाटेत समाजवादी कल्याण जैन निवडून आले.

गिरण्या मात्र एकेक करून थकत गेल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि तिथल्या कामगारांना थकीत पैसे हाती पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षांत कितीतरी जण वाट पाहत गेले. अनंत चतुर्दशीच्या रात्री या मिलांच्या झाँक्या (सजवलेले फिरते देखावे) अजून निघतात, रोषणाई तशीच असते. फक्त मागे मिल नसते. ज्या परदेशीपुरा-नंदानगर भागात लाल झेंडा फडकत होता, तो इंदूर-२ आता भाजपला सर्वांत मोठी आघाडी देणाऱ्या भागांत गणला जातो. १९९३ पासून तिथे भाजपचाच आमदार आहे. कामगार संघटनांनी रिकामी केलेली जागा कुणी भरली, हे समजल्याशिवाय या मतदारसंघाचा पुढचा इतिहास कळत नाही.

१९८९ ची निवडणूक हा दुसरा मोठा टप्पा. भाजपने सेठींसमोर सुमित्रा महाजन यांना उभे केले. जन्म चिपळूणचा, माहेरचे आडनाव साठे, लग्न होऊन इंदूरच्या महाजनांच्या घरी आलेल्या. शहराच्या उपमहापौर झालेल्या, पण १९८५ च्या विधानसभेत हरलेल्या. आता घराची चावी सुनेच्या हाती द्या, अशा अर्थाचे त्यांचे आवाहन जुने इंदूरकर अजून सांगतात. माजी गृहमंत्री हरले. त्यानंतर १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा, १९८९ धरून सलग आठ निवडणुका महाजन यांनी जिंकल्या. २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्या पदावरील दुसऱ्या महिला.

रामबाग, लोकमान्य नगर या भागांतल्या मराठी घरांना त्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण मराठी मतांच्या जोरावर इंदूरमध्ये कुणी खासदार होत नाही, तेवढी ती नाहीतच. हिंदी, माळवी, सिंधी बोलणाऱ्या शहराने त्यांना ‘ताई’ म्हटले, यातच त्यांचे यश आहे. ही वाटही नेहमी सोपी नव्हती. २००९ मध्ये काँग्रेसचे सत्यनारायण पटेल यांच्यावर त्यांना अवघ्या ११,४८० मतांनी विजय मिळाला. पाच वर्षांनी त्याच पटेलांना त्यांनी साडेचार लाखांहून अधिक मतांनी हरवले.

एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवणार नसल्याचे पत्र प्रसिद्ध केले. भाजपने इंदूर विकास प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष शंकर लालवानी यांना उमेदवारी दिली. त्यांनी काँग्रेसचे पंकज संघवी यांना ५,४७,७५४ मतांनी हरवले.

२०२४ मध्ये जे घडले ते कोणत्याही पक्षाच्या माणसाने शांतपणे वाचावे असे आहे. २९ एप्रिल रोजी, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांति बम यांनी अर्ज मागे घेतला. काँग्रेसने मतदारांना ‘नोटा’चे बटण दाबण्याचे आवाहन केले आणि रिक्षांवर तशी पत्रके लागली. असे व्हायला नको होते, असे स्वतः सुमित्रा महाजन जाहीरपणे म्हणाल्या. १३ मे रोजी मतदान झाले. टक्केवारी २०१९ पेक्षा घसरली. ४ जूनला नेहरू स्टेडियमवर मतमोजणी झाली तेव्हा लालवानींना १२,२६,७५१ मते होती. दुसऱ्या क्रमांकावरील बसपचे संजय सोळंकी ५१,६५९ वर थांबले. फरक ११,७५,०९२. लोकसभा निवडणुकीतला हा देशातला विक्रम ठरला. त्याआधीचा मान २०१४ च्या बीड पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांनी मिळवलेल्या सुमारे ६ लाख ९६ हजारांच्या आघाडीकडे होता. पण समोर तुल्यबळ उमेदवारच नसताना मिळालेल्या पावणेबारा लाखांपेक्षा २००९ चे ११,४८० इंदूरच्या मनाबद्दल जास्त सांगतात.

२०२४ च्या याच निवडणुकीत २,१८,६७४ मते नोटाला पडली, तोही देशातला विक्रम. लालवानी सोडून रिंगणात उरलेल्या प्रत्येक उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली.