डायलिसिसची नळी: निवडीमागचा इतिहास

विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समध्ये कृत्रिम मूत्रपिंड चालवून दाखवलं. यंत्र रक्त शुद्ध करत होतं, अडत होतं ते रक्त बाहेर काढण्यापाशी. दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि ती पुढे कामातून जाई. वाहिन्या संपल्या की उपचारही थांबायचा.

१९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर आणि वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनचा शंट बनवला. एक नळी धमनीत, दुसरी शिरेत, आणि एरवी दोन्हींची टोकं बाहेरून एकमेकांना जोडलेली. त्यामुळे रक्त वाहतं राहायचं. पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगले. १९६१ मध्ये लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन यांनी जांघेतल्या वाहिन्यांत नळ्या घालून डायलिसिस केलं. १९६६ मध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी धमनी व शीर जोडून केलेल्या फिस्टुलाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात शरीरात बाहेरची वस्तूच राहत नाही, म्हणून जंतुसंसर्गाचा धोका बराच कमी.

तरी नळ्या गेल्या नाहीत. फिस्टुला तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि अनेकांवर डायलिसिसची वेळ अचानक येते.

मग गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतली नळी रुळली. रुग्णाला ती सोयीची वाटे, मान मोकळी राही. तिची किंमत उशिरा कळली. नळी काढल्यावरही शीर आतून अरुंद होत जाते. पुढे त्याच हातावर फिस्टुला केला की हात सुजतो, फिस्टुला निकामी होऊ शकतो. आधी घातलेल्या तात्पुरत्या नळीने पुढचा कायमचा मार्ग बंद करावा, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत वेदनादायक प्रकरण वाटतं. म्हणूनच आज पहिली पसंती मानेतल्या उजव्या शिरेला असते. तिथून हृदयापर्यंतची वाट जवळजवळ सरळ आहे. डाव्या बाजूने नळीला वळणं घ्यावी लागतात, लांबीही जास्त लागते.

दुसरा मोठा बदल कफचा, म्हणजे नळीभोवती बसवलेल्या कापडी पट्टीचा. ब्रोव्हियाक यांनी १९७३ मध्ये आणि हिकमन यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेल्या नळ्या डायलिसिससाठी नव्हत्याच. पण त्यांवरचा डेक्रॉनचा छोटा कफ १९८०च्या दशकात डायलिसिसच्या नळीवर आला आणि परमकॅथ, म्हणजे जास्त काळ ठेवता येणारी कफची नळी, रूढ झाला. कातडीखालच्या बोगद्यात बसलेल्या या कफमध्ये काही आठवड्यांत ऊती वाढतात, नळी पकडून ठेवतात आणि जंतूंची वाट अडवतात. तोवर नळीचा भार टाक्यांवर असतो, म्हणून सुरुवातीला तिला हिसका बसू देऊ नये. पोटाच्या डायलिसिससाठी (त्यात रक्त बाहेर न काढता पोटातल्या आवरणातून शुद्ध होतं) हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्येच दोन कफची नळी आणली होती.

टोकाचे आकार नंतर बरेच निघाले: पायरीसारखे, दुभंगलेले, दोन्ही बाजूंनी सारखे. माझ्या मते टोक नेमकं कुठे पोचलं आहे, याला आकारापेक्षा जास्त महत्त्व आहे. ते हृदयापर्यंत न पोचता वरच राहिलं तर हवा तेवढा रक्तप्रवाह मिळत नाही.

अमेरिकेतल्या केडीओक्यूआय या मूत्रपिंडविकारांवरच्या उपक्रमाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बिनकफची नळी दोन आठवड्यांपेक्षा कमी काळासाठीच वापरावी. सरसकट सगळ्यांना फिस्टुलाच, हा आग्रह त्यांत सैल झाला आहे. रुग्णाचं वय, शिरा, हृदयाची ताकद, प्रत्यारोपणाची शक्यता आणि त्याची स्वतःची इच्छा पाहून योजना आखायची, आणि आजची नळी घालण्याआधी तिच्यानंतरचा मार्ग कोणता हेही ठरवायचं, असं त्या सांगतात.