कापणीचे गवत आणि चराऊ कुरण: माती परीक्षणाचा अहवाल एक, खताचे हिशेब दोन

हातात मृद आरोग्य पत्रिका, तिच्यात पालाशापुढे (पोटॅशियमपुढे) ‘जास्त’ असा शेरा आणि समोर चौथ्या वर्षातले संकरित नेपियरचे (पुन्हा पुन्हा कापायच्या चाऱ्याच्या गवताचे) ठोंब, ज्यांची खालची पाने कडेने करपली आहेत आणि फुटवे दर कापणीला बारीक होत चालले आहेत. दुधाची जनावरे सांभाळणाऱ्यांच्या शिवारात हे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर वेळी उपाय म्हणून युरियाची आणखी एक गोणी पडते. पत्रिका चुकलेली नसते. चुकते ते हे, की जनावर जागेवर चरते ते कुरण आणि विळ्याने कापून गोठ्यात नेले जाते ते गवत, या दोहोंना ‘गवत’ हे एकच नाव देऊन एकाच कोष्टकातून खत ठरवले जाते.

पत्रिका कशी वाचायची हे बहुतेकांना ठाऊक आहे. उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी, पालाश २८० किलोच्या वर असेल तर जास्त. वर्ग कमी निघाला तर शिफारशीच्या सव्वापट आणि जास्त निघाला तर पाऊणपट खत, हा सर्वसाधारण नियम. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश मूलद्रव्याच्या रूपात दिले आहेत की ऑक्साइडच्या, एवढे मात्र पाहून घ्यावे, कारण खताच्या गोणीवरील टक्के ऑक्साइडचे असतात. मूलद्रव्यावरून तिथे जायचे तर स्फुरदाला २.२९ने आणि पालाशाला १.२ने गुणावे. सामू (आम्ल-विम्लता) आणि क्षारता दोन्हीकडे सारख्याच वाचायच्या. गवताच्या वाणावरून तर इथे काहीच अडत नाही.

अडते ते पालाशावर. पत्रिका त्या दिवशीचा साठा सांगते. शेतातून वर्षभरात किती बाहेर जाणार, हे तिला माहीत नसते. जनावर कुरणात चरते तेव्हा त्याने खाल्लेल्या पालाशाचा फार मोठा भाग मूत्रावाटे तिथेच परत पडतो. हजार लिटर दुधातून जेमतेम दीड किलो पालाश शेताबाहेर जातो. विळ्याने कापलेल्या गवताबरोबर मात्र पानाकांड्यातला सगळाच पालाश बांधाबाहेर जातो.

हिशेब मांडून पाहू. बागायती नेपियरच्या एका एकरातून वर्षाला ६० टन हिरवा चारा निघाला आणि त्यात पाचवा हिस्सा कोरडा भाग धरला, तर १२ टन कोरडा चारा होतो. त्यात २ टक्के पालाश धरल्यास २४० किलो मूलद्रव्य, म्हणजे खताच्या भाषेत सुमारे २८८ किलो पालाश एका वर्षात उचलला गेला. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशाच्या खतात तो मोजायचा तर ५० किलोच्या साडेनऊ गोण्यांहून अधिक भरतो. आता पत्रिका पाहा: हेक्टरी ४०० किलो म्हणजे खणखणीत ‘जास्त’, पण एकरी तो साठा १६० किलो मूलद्रव्यच होतो. ज्या साठ्याच्या भरवशावर आपण पालाश बंद केला, त्याच्या दीडपट माल एका वर्षात कडबाकुट्टीत गेलेला असतो.

तरीही पहिली दोन वर्षे गवत दणकून येते आणि फसगत नेमकी इथेच होते. दख्खनच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती आपल्या पोटातला पालाश सावकाश मोकळा करत राहते, मुळे खालच्या थरातूनही तो ओढतात आणि युरियामुळे रंग हिरवागार राहतो. मोकळे होण्याचा वेग कापणीच्या वेगाला पुरेनासा झाला, की पाने कडेने करपू लागतात.

सगळाच पालाश पोत्यातून भरावा, असे माझे म्हणणे नाही. गवताला पालाश मिळेल तेवढा ते गरजेपेक्षा जास्त उचलते, आणि एकाच वेळी भरमसाट दिला तर चाऱ्यातले मॅग्नेशियम घटून जनावरांना झटके येण्याचा धोका वाढतो. म्हणून तो कापण्यांमागे विभागून द्यावा, आणि त्याआधी गोठ्याची मोरी कुठे जाते ते पाहावे. शेणखत उसाला किंवा कांद्याला जाते, मूत्र गटारात जाते आणि ज्या तुकड्याने गोठा पोसला त्याला फक्त युरिया मिळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. पालाश मुख्यतः मूत्रात असतो; गोठा धुतलेले पाणी नेपियरच्या पाटाला जोडणे हे माझ्या मते कोणत्याही गोणीच्या आधीचे काम आहे.

कुरणाचा हिशेब उलटा आहे. मारवेल, पवना किंवा डोंगरी गवताच्या कोरडवाहू कुरणात पालाश ‘जास्त’ असेल, तर तो खुशाल वगळावा. तिथे पत्रिकेतला स्फुरद पाहावा, आणि तो कमी असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे, विशेषतः स्टायलोसारखे द्विदल मिसळलेले असेल तेव्हा. नत्र आणि स्फुरद देणाऱ्या डीएपीपेक्षा मी सुपरलाच पसंती देतो, कारण त्यातून ११ टक्के गंधकही मिळते आणि द्विदलाला गोणीतल्या नत्राची फारशी गरज नसते. नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले १९:१९:१९ खत मात्र दोन्हीकडे नको. गवताला हे तीन घटक समान लागतच नाहीत.

मधली प्रकरणे तारतम्याने पाहावीत. दिवसभर चरून जनावरे रात्री गोठ्यात येत असतील, तर रात्रीचे शेणमूत्र कुरणाबाहेर गेले असे धरावे. कुरणातले शेण वेचून गोवऱ्या थापल्या जात असतील, तर स्फुरदाची गळती वाढते. दिवाळीनंतर गवत कापून गंजी रचली, तर त्या वर्षापुरते ते कापणीचेच गवत झाले.

मातीचा नमुना घेतानाही हा फरक पाळावा लागतो. कुरणात झाडाची सावली, पाणवठा आणि जनावरे बसण्याची जागा टाळावी, कारण साऱ्या कुरणाचे खत तिथे गोळा झालेले असते आणि तिथली एक ओंजळ सगळा अहवाल फुगवते. नेपियरमध्ये कापणी झाल्यावर, पण खत देण्यापूर्वी, दोन ओळींच्या मधून नमुना घ्यावा आणि पालाशासाठी तो दरवर्षी त्याच महिन्यात घ्यावा, म्हणजे आकड्यांची उतरण दिसेल. कुरणाला तीन वर्षांतून एकदा तपासणी पुरते. नमुन्याच्या पिशवीतील चिठ्ठीवर पिकापुढे नुसते ‘गवत’ न लिहिता ‘कापणीचे, वर्षाला सहा कापण्या’ किंवा ‘चराऊ, कोरडवाहू’ असे स्पष्ट लिहावे, कारण शिफारस काढणाऱ्याला आपले शेत दिसत नसते.