वाचादोष असलेल्या मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र : अर्ज नेमका कुठे अडतो

माझ्या मुलाला अ‍ॅप्रॅक्सिया आहे. काय बोलायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण ओठ-जिभेच्या हालचाली मेंदूला जुळवता येत नाहीत. त्याच्या प्रमाणपत्रासाठी आम्हाला दोनदा परत पाठवलं. पुढे ओळखीतल्या पालकांचे अर्ज भरून देताना दिसलं, की सगळे त्याच दोन-तीन ठिकाणी अडकतात.

आधी पात्रता. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि निव्वळ वाचादोष त्यात नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात ‘वाचा व भाषा दोष’ स्वतंत्र आहे. अ‍ॅप्रॅक्सिया किंवा स्नायूंवरच्या ताब्याअभावी येणारा डिसार्थ्रिया, दोन्हींचा अर्ज याच प्रकारात करायचा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, विनाशुल्क. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि जवळचं सरकारी रुग्णालय निवडायचं, एवढंच. मात्र ‘मूल बोलत नाही’ म्हणून अनेक जण श्रवणदोषावर खूण करतात. मग कान तपासले जातात, ते ठणठणीत निघतात आणि अर्ज तिथेच संपतो. आधारवरचं नाव जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही आधीच बघा. पाच वर्षांनंतर बालआधारवर बोटांचे ठसे नोंदवावे लागतात, ते राहिले असतील तर आधी ते उरका.

आता खरा अडसर, तो म्हणजे थेरपिस्टचा अहवाल. कायद्याची व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणामुळे आलेल्या दोषाची आहे. आपल्या फायलीत मात्र ‘बोलायला उशीर’ एवढंच लिहिलेलं असतं. उशीर भरून निघतो, असंच प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड धरून चालतं. म्हणून अहवालात निदानाचं नाव, ते कशावरून केलं, किती काळ थेरपी चालू आहे आणि अजून काय जमत नाही, हे स्पष्ट हवं. खाली भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. खासगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. सोबत ऐकण्याच्या तपासणीचा अहवालही ठेवा.

अ‍ॅप्रॅक्सियाच्या पालकांना हमखास विचारतात, ‘एमआरआय नॉर्मल आहे, मग दोष कुठे आहे?’ या विकारात एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. हे वाक्य अहवालातच लिहून घ्या. तुम्ही तोंडी सांगितलेलं कुणी नोंदवून घेत नाही.

बोर्डाच्या दिवशी आम्ही काय चुकलो ते सांगते. डॉक्टरांनी त्याला ‘आई म्हण’ म्हटलं. तो ‘आई’ म्हणाला, अगदी स्वच्छ. कागदावर ‘बोलतो’ असं लिहून झालं. तोच मुलगा ‘पाणी’ हा शब्द पाच मिनिटांत ‘बानी’, ‘आनी’, ‘पापी’ असा तीन तऱ्हांनी म्हणतो, आणि दर वेळी वेगळं चुकणं हीच तर या विकाराची खूण आहे. वाचादोषाची टक्केवारी काढताना बोलणं ऐकणाऱ्याला किती समजतं, याला मोठं वजन असतं. मी मात्र सवयीने त्याच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ डॉक्टरांना सांगत बसले! बायांनो, तिथे दुभाषी होऊ नका. त्याला बोलू द्या, न कळलेलं न कळलेलंच राहू द्या. घरी काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये तयार ठेवा. मूल बुजून गप्प बसलं तर तो दाखवता येतो.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव प्रवेशालाही हीच अट आहे. प्रमाणपत्रासोबत मिळणारं दिव्यांग ओळखपत्राचं (यूडीआयडी) कार्ड ४०च्या खाली पांढरं, ४० ते ७९ला पिवळं आणि ८०पासून निळं. मुलांना बरेचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. त्याला नकार समजून रडू नका, त्यावरही सवलती मिळतात. मुदतीची तारीख मात्र घरात सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा. २०२४च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांचा अवधी आहे, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज निदान तेवढा आधी करा. ‘अर्ज केलाय, कधीही जाऊ’ हाही गैरसमज आहे. तपासणीला न गेल्याने दोन वर्षं निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि एक तर नव्याने अर्ज करावा लागतो, नाही तर तोच पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो.

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूच्या इजेने हालचालींवर ताबा नसल्यामुळे, बोलणं अडलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रात फक्त वाचादोष येऊ देऊ नका, सेरेब्रल पाल्सीचीही नोंद करून घ्या. ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच आहे, एकट्या वाचादोषाला तो मिळत नाही. ही ओळ राहून गेल्यामुळे थेरपीचा खर्च खिशातून करणारी घरं मी पाहिली आहेत.

नामंजुरी आली तर ‘पुढच्या महिन्यात या’ या तोंडी उत्तरावर घरी परतू नका. कारण लेखी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि त्या कागदावरच २०१६च्या कायद्याच्या कलम ५९खाली अपील करता येतं. आम्ही पहिल्या वेळी तो कागद मागितलाच नाही. दुसऱ्या वेळी मागितला, तेव्हा त्यावर ‘अहवालात निदान नाही’ एवढं एकच वाक्य होतं. ते घेऊन थेरपिस्टकडे गेलो, आठवड्याभरात नवा अहवाल मिळाला आणि तिसऱ्या खेपेला काम झालं.