एलेरॉन रोल की बॅरल रोल? जी-मीटरकडे पाहा

विमानाने पूर्ण गिरकी घेतली आणि ते पुन्हा सरळ झालं, की बहुतेक जण त्याला सरसकट ‘बॅरल रोल’ म्हणून मोकळे होतात. गुगलवर ‘डू अ बॅरल रोल’ असं इंग्रजीत टाइप केलं तर अख्खं पान गर्रकन फिरतं. पण ते जागच्या जागी फिरतं, म्हणजे खरं तर तो एलेरॉन रोल झाला. घरी सिम्युलेटरवर पिट्स, एक्स्ट्रा, कॅप १० अशी छोटी कसरतीची विमानं उडवायला घेतली की हा गोंधळ जास्तच जाणवतो. माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे साकोलीला आला की शेजारी खुर्ची टाकून बसतो. दोन्ही रोल करून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “मामाजी, दोन्ही सारखेच तर दिसून राह्यले.”

कॉकपिटमधून पाहिलं तर त्याचं बरोबर आहे. दोन्हींत क्षितिज गोल फिरतं, दोन्हींत जमीन डोक्यावर येते. फरक असतो तो अंगाला जाणवणाऱ्या वजनाचा, आणि घरातल्या खुर्चीला नेमकं तेच कळत नाही. म्हणून सिम्युलेटरवर हा फरक हाताने आणि जी-मीटरच्या काट्याने शिकावा लागतो. अंगावर नेहमीच्या वजनाच्या किती पट भार येतोय ते हा काटा सांगतो: एक जी म्हणजे नेहमीचं वजन.

आधी सोपा, एलेरॉन रोल. एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, त्यांनीच विमान कुशीवर फिरतं. यात विमान नाकापासून शेपटीपर्यंतच्या स्वतःच्याच रेषेभोवती फिरतं आणि वाट जवळपास सरळच राहते. वेग घ्यायचा, नाक क्षितिजाच्या वर पंधरा-वीस अंश न्यायचं, आणि मग मागे ओढलेली स्टिक (विमान वळवायचा दांडा) आधी मध्यावर आणायची. ही पायरी गाळू नका. त्यानंतर स्टिक पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे. रोल संपेपर्यंत नाक आपोआप क्षितिजाच्या थोडं खाली आलेलं असतं. एक्स्ट्रा ३००चा रोलचा वेग सेकंदाला सुमारे ४०० अंश आहे, म्हणजे पूर्ण फेरा एका सेकंदाच्या आत. एवढ्या घाईत काही बिघडायला वेळच मिळत नाही, आणि म्हणूनच शिकण्यासाठी ते विमान फार चांगलं नाही.

बॅरल रोलमध्ये विमान फिरतं आणि त्याच वेळी वर्तुळात वळतंही. लूप (उभ्या वर्तुळातली गिरकी) आणि रोल एकत्र मळले म्हणा. परसात बांबूला वेटोळे घालत वर चढणारी वालाची वेल आठवा: विमान वेलीच्या वाटेने जातं, बांबूच्या वाटेने नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडा. पाच हजार फूट गाठा आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्गाचा एखादा सरळ टप्पा शोधा. क्षितिजावर रूळ जिथे दिसेनासे होतात तो आपला बिंदू. डावीकडे बॅरल रोल करायचा तर आधी नाक त्या बिंदूच्या उजवीकडे तीस अंश ठेवा, पंख सरळ. आता स्टिक मागे ओढत ओढत डावीकडे न्या. पाव फेरा झाला की नाक बरोबर बिंदूच्या वर असायला हवं आणि पंख उभे. अर्धा फेरा झाला की विमान उलटं, नाक क्षितिजावर, पण बिंदूच्या डावीकडे. या क्षणी डोकं मागे टाकून वर बघायचं. पावसाळ्याची दृश्यं लावली असतील तर धानाचे बांध आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव डोक्यावर दिसतात. पाऊण फेऱ्याला नाक बिंदूच्या खाली, पंख पुन्हा उभे. शेवटी विमान जिथून निघालं तिथेच, उजवीकडे तीस अंशांवर, पंख सरळ. नाकाने बिंदूभोवती एक वर्तुळ काढलं. ते वर्तुळ चपटं झालं, अंड्यासारखं झालं, की समजायचं कुठे घाई झाली.

एलेरॉन रोल मात्र रुळांच्या वरच सुरू करा. तो नीट झाला तर विमान रुळांच्या वरच राहतं आणि नाक बिंदूच्या आसपासच घुटमळतं. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर वापरत असाल तर विमानाने कापलेली वाट हवेत काढून दाखवायची सोय त्यात आहे. दोन्ही रोल लागोपाठ करून बाहेरून पाहिलं की एक रेघ सरळ आणि दुसरी मळसूत्रासारखी वळलेली स्पष्ट दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टिक. बॅरल रोलमध्ये ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडीफार मागे ओढलेलीच असते. एलेरॉन रोलमध्ये मागची ओढ सोडल्याशिवाय रोल सुरूच करायचा नाही. एका रोलमध्ये जे बरोबर, तेच दुसऱ्यात चूक. नवशिक्या माणूस एलेरॉन रोल करायला जातो, उलटं झाल्यावर घाबरून स्टिक ओढतो, आणि नाक थेट जमिनीकडे वळतं. वेग भराभर चढतो, हजार-दोन हजार फूट उंची गेलेली असते. उलट बॅरल रोलमध्ये माथ्यावर ओढ अगदी सैल सोडली तर वर्तुळ तुटतं आणि मधेच एलेरॉन रोल होऊन बसतो. ओढ फार वाढवली तरी नाक लवकर खाली येतं. माथ्यावर ओढ किती ठेवायची हे पुस्तकातून येत नाही, सरावानेच हाताला कळतं.

जी-मीटर इथे आपल्या शरीराचं काम करतो. जुन्या पद्धतीच्या जी-मीटरला तीन काटे असतात: एक चालू भार दाखवतो, आणि दोन काटे सर्वांत जास्त व सर्वांत कमी भार जिथे गेला तिथेच थांबून राहतात. बटण दाबून ते मूळ जागी आणायचे आणि मगच रोल सुरू करायचा. बॅरल रोल नीट झाला असेल तर सुरुवातीला आणि शेवटी भार दोन ते तीन जीपर्यंत जातो, माथ्यावर तो एकच्या खाली येतो, पण शून्याखाली जात नाही. एलेरॉन रोलमध्ये नाक उचलतानाचा क्षण सोडला तर काटा शून्य आणि एकच्या दरम्यान रेंगाळतो. स्पर्धेतला संथ रोल, ज्यात नाक एकाच बिंदूवर खिळवून ठेवतात, त्यात उलटं असताना स्टिक पुढे ढकलावी लागते आणि काटा उणे एकपर्यंत जातो. त्या वेळी खऱ्या विमानातला वैमानिक पट्ट्यांना लटकलेला असतो.

हा भार शून्याखाली न जाणं म्हणजे काय, हे अमेरिकी कसरतपटू वैमानिक बॉब हूव्हर यांनी फार सुंदर दाखवलं होतं. श्राइक कमांडर या दोन इंजिनांच्या विमानात बॅरल रोल करता करता ते पेल्यात चहा ओतत, आणि चहा पेल्यातच पडे. १९५५ साली बोइंगचे चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन यांनी सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर बोइंगच्या नव्या चार इंजिनांच्या जेटला बॅरल रोल करवला, तोही याच बळावर. विमानाच्या दृष्टीने ती बेताच्या भाराची सलग हालचाल होती. तेच विमान संथ रोलमध्ये उलटं टांगलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

शिकायला कॅप १० घ्या, असा माझा आग्रह आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२०च्या आवृत्तीत ते आहे. ते एक्स्ट्रापेक्षा बरंच सावकाश फिरतं, त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण असे टप्पे डोळ्यांना सापडतात. रडरची (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची) आपोआप मदत बंद करा, नाहीतर पंख उभे असताना नाक का घसरतं ते कधीच कळणार नाही. दांडा पिळून रडर देता येणारी साधी जॉयस्टिक पुरेशी आहे, कीबोर्डवर मात्र या दोन रोलमधला फरक साधणार नाही. आमच्यासारखं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालत असेल तर दृश्यांचा दर्जा बिनधास्त कमी करा. कसरतीला स्वच्छ क्षितिज आणि जमिनीवरची एक सरळ रेघ लागते, घरांची कौलं नाही.

मग कधीतरी सेस्ना १५२ एरोबॅट घ्या. खऱ्या एरोबॅटच्या इंजिनाला कार्ब्युरेटर (इंधन हवेत मिसळणारा भाग) असतो आणि उलट्या उड्डाणासाठी इंधनाची वेगळी सोय नसते. बॅरल रोलमध्ये भार शून्याच्या वरच राहतो, म्हणून इंजिन सुरळीत चालतं. त्याच विमानात संथ रोल करताना भार उणे झाला की इंजिन खोकतं, गप्प होतं, आणि विमान सरळ झाल्यावर पुन्हा धडधडू लागतं. तुमच्या सिम्युलेटरने हे बारकावे घेतले असतील तर जी-मीटरकडे न बघताही, नुसत्या आवाजावरून कळेल की आत्ता कोणता रोल झाला.