सात बोटांच्या झाडावर तीन बोटांचं पान

जपानी मॅपलला जपानमध्ये 'इरोहा मोमिजी' म्हणतात. 'इ, रो, हा, नि, हो, हे, तो' ही तिथल्या जुन्या वर्णमालेची सुरुवात. हाताच्या पंज्यासारख्या पानाच्या एकेका बोटावर एकेक अक्षर म्हणत गेलं की सातव्या बोटावर 'तो' येतो, त्यावरून हे नाव पडलं. मॅपलसाठीचा 'काएदे' हा दुसरा शब्दही पानावरूनच आलाय. त्याचा मूळ अर्थ बेडकाचा हात. अठराव्या शतकात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल थुनबर्ग यांनी या झाडाला 'एसर पाल्मेटम' हे शास्त्रीय नाव दिलं, त्यातही तळहात आहेच.

आता कुंडीतल्या एखाद्या मॅपलची पानं खरोखरच मोजायला बसा. पाच, सात, पाच, नऊ, आणि मधेच एका फुटव्यावर तीन. एकाची खाच देठापर्यंत गेलेली, तर शेजारच्याची अर्ध्यावरच थांबलेली. बोन्साय करणाऱ्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. रोग पडला का? खत जास्त झालं का? की रोपच भलतं मिळालं? औषधाची बाटली उघडण्याआधी एकच गोष्ट बघावी, ते पान झाडावर नेमकं कुठे आलंय. बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

एखादा जोमदार फुटवा हातात धरा आणि बुडापासून शेंड्याकडे बोट सरकवत जा. मॅपलची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. बुडाजवळच्या जोड्या यंदाच्या नसतातच. गेल्या वर्षीच त्या डोळ्याच्या, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या कोंबाच्या, आत तयार झाल्या, खवल्यांखाली घडी घालून अख्खा हिवाळा बसून राहिल्या आणि वसंतात नुसत्या उलगडल्या. फुटवा तिथेच थांबला नाही, वाढतच राहिला, तर शेंडा नवी पानं जागच्या जागी घडवायला लागतो. या पानांना डोळ्यात मुक्काम करावा लागत नाही, घडणं आणि वाढणं एका दमात उरकतं. जनुकं तीच, पण घडण्याची वेळ आणि परिस्थिती वेगळी, म्हणून खाचांची खोली, बोटांची संख्या, कडेचे दात सगळंच बदलू शकतं. बोन्सायमध्ये आपण शेंडे खुडत राहतो आणि झाड हंगामात पुन्हा पुन्हा फुटत राहतं. त्यामुळे दोन्ही प्रकारची पानं हातभर उंचीच्या झाडावर शेजारी शेजारी दिसतात.

यात वयाचाही हात असतो. बोन्सायसाठी लोकप्रिय असलेल्या ट्रायडंट मॅपलची कोवळ्या रोपावरची पानं खोल खाचांची आणि दातेरी असतात, तर मुरलेल्या झाडावरची बरीच गुळगुळीत कडेची. हे बघायला जपानला जायची गरज नाही. फणसाच्या रोपाची पानं बघा, त्यांना खाचा असतात आणि मोठ्या झाडाचं पान अखंड असतं. फणसाचं शास्त्रीय नावच 'आर्टोकार्पस हेटेरोफिलस' आहे, आणि हेटेरोफिलस म्हणजे वेगवेगळ्या पानांचा. तुतीच्या तर एकाच फांदीवर साधं पान आणि खाचांचं पान सुखानं नांदतात.

आकारमानाची गोष्ट निराळी. उन्हातलं पान लहान आणि जाड होतं, आतल्या सावलीतलं रुंद आणि पातळ. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९४९ मध्ये एक साधं निरीक्षण मांडलं होतं: काडी जितकी जाड तितकं पान मोठं. बोन्सायची बरीचशी कला या एका ओळीवर उभी आहे. शेंडा खुडला की समोरासमोरचे दोन डोळे फुटतात. एका काडीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. काड्या बारीक होत जातात तशी पानंही लहान होत जातात. निरोगी झाडाची पानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला देठ ठेवून कापली की येणारी दुसरी पालवी आणखी लहान असते. बहार धरण्यासाठी डाळिंबाची पानगळ करणाऱ्या शेतकऱ्याला यातली जोखीम वेगळी सांगायला नको. अशक्त झाडाला हा धक्का सोसत नाही.

आतापर्यंतचं सगळं झाडाचं नेहमीचं वागणं झालं. खरी नवलाई तेव्हा, जेव्हा एखादं पान नाही तर अख्खी फांदीच वेगळी येते आणि पुढच्या वसंतातही तशीच येते. शेंड्याच्या टोकाशी विभाजी ऊतीचा, म्हणजे सतत विभागून नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींचा, सुईच्या अग्राएवढा गोळा असतो. त्याच्या बाहेरच्या पेशी थरांत रचलेल्या असतात आणि प्रत्येक थर आपापली वंशावळ चालवतो. तिथल्या एका पेशीत उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक बदल, झालं आणि तिच्या लेकींनी तो थर व्यापला, तर त्या शेंड्यातून पुढे येणारं प्रत्येक पान ती खूण घेऊन येतं. एक थर हरितद्रव्याचा आणि एक त्याच्याविना असेल, तर पान कबरं होतं. 'उकिगुमो' म्हणजे 'तरंगते ढग' या जातीच्या पानांवर हिरव्यात पांढरे-गुलाबी शिंतोडे असतात. आपल्याकडच्या 'मेरी पामर' बोगनवेलीवर पांढरे आणि गुलाबी गुच्छ एकत्र येतात, तेही थरांच्या अशाच सरमिसळीमुळे.

कबऱ्या झाडावर कधी कधी निव्वळ हिरवा फुटवा येतो. त्याच्याकडे हरितद्रव्य जास्त, म्हणून अन्नही जास्त आणि वाढही जोरात. वेळीच बुडातून काढला नाही तर दोन-चार वर्षांत तोच झाडाचा ताबा घेतो. इथेही जागा बघावीच. असा फुटवा कलमाच्या सांध्याखालून आला असेल तर तो मुळी त्या जातीचा नाहीच, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाचा, धुमारा आहे. कलमी आंबा किंवा गुलाब लावणाऱ्याला ही चूक ओळखीची असते.

बियांतून जातीची हुबेहूब नक्कल मिळत नाही. दुसऱ्या झाडाच्या परागांनी बी धरतं, म्हणजे परपरागण होतं, त्यामुळे एकाच झाडाच्या बियांतून उगवलेली रोपंही एकमेकांसारखी नसतात. कोतो या तंतुवाद्याच्या तारांसारख्या बारीक पानांची 'कोतो नो इतो', सिंहाच्या आयाळीसारख्या कुरळ्या पानांची 'शिशिगाशिरा', वसंतात लालबुंद फुटणारी 'देशोजो' अशा हजाराहून अधिक नामांकित जाती आज आहेत. कुणीतरी त्या रोपांमधून निवडल्या, किंवा अशाच एखाद्या वेगळ्या फांदीवरून घेतल्या, आणि मग कलमांनी जपल्या.

म्हणून वेगळी फांदी दिसली तर कात्री खाली ठेवावी आणि तिला एक दोरा बांधून ठेवावा. पुढच्या वसंतात तीच पानं आली, की फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावायचं आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं. ही आपली गुटीच. काही आठवड्यांनी शेवाळातून पांढरी मुळं दिसायला लागतात. ती भरली की त्यांच्याखाली फांदी कापून कुंडीत लावायची.